साळवे बाईंचे कंस

माझ्या पहिल्याच पानात चूक सापडली तेव्हा साळवे बाईंनी मला पेढा दिला.

कोल्हारच्या स्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बारावी झाल्यावर मी तिथे मराठी थर्टीला, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला, बसले. खोलीत अकरा मशिनं, त्यांतली दोन कायम आजारी. आठवडाभर नुसती अक्षरं बडवून झाल्यावर बाईंनी मला एक अर्ज उतरवायला दिला. मी तो उतरवला आणि मधली आख्खी ओळ गाळली. पहिली ओळ 'अर्जदार' या शब्दावर संपत होती, खालचीही 'अर्जदार'वरच. माझी नजर वरच्या अर्जदारावरून उठली ती थेट खालच्यावर जाऊन बसली.

बाईंनी पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला. आता ओरडणार म्हणून मी मान खाली घातली. तर टाळीचा आवाज आला.

"थांबवा, थांबवा मशिनं! सगळे इकडे या. हिने काय सुंदर चूक केलीये बघा!"

सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. बाई बोट ठेवून दाखवायला लागल्या, "दोन ओळी एकाच शब्दावर संपल्या की नजर अशी उडी मारते. येशूच्या शुभवर्तमानांच्या हातानं नकला करणारे लोक होते ना, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी, ते हेच करायचे. अगदी हेच! कुठली गं तू?"

"इथलीच. नदीपलीकडची."

"नदीपलीकडची!" बाईंना ते फारच आवडलं. "नदीपलीकडची, आणि चूक बघा कुठली केलीन!"

मग खण उघडून त्यांनी पेढा काढला. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "चुकल्यावं पेढा देत्यात? मंग बरुबर आल्यावं काय, छडी?"

बाई बुटक्या, गोल, सदा घाईत. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि अंबाड्यात लाल पेन्सिल. ती पेन्सिल कुठेही बाहेर यायची. लग्नपत्रिका हातात पडली की आधी ती दुरुस्त करायच्या, मग तारीख बघायच्या. त्यांना हसू आधी यायचं आणि कारण मागून. त्या हसत हसत जिना चढायला लागल्या की आम्ही वरच हसायला सुरुवात करायचो, काय झालंय ते माहीत नसताना. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. घरी बाई, एक मांजर, आणि ते पुस्तक.

पुस्तकाची हकिगत त्या रंगवून सांगायच्या. नगरला कुठल्याशा जुन्या बंगल्यातली कपाटं रिकामी केली तेव्हा पुस्तकं रद्दीत निघाली. बाई टायपिंगचे कोरे कागद आणायला गेलेल्या. रद्दीवाल्याच्या ढिगात एक जाडजूड, चामडी बांधणीचं पुस्तक दिसलं. उघडलं तर एक अक्षर कळेना. पण प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टायपात चार-पाच ओळी, नुसते आकडे आणि तुटक शब्द.

"मला वाटलं, चुकांची यादी! प्रत्येक पानाखाली चुका छापून देणारं पुस्तक. मी तिथेच बसले. म्हटलं, देवा, हे माझ्यासाठीच छापलंय."

आणि ती खरोखरच एका अर्थाने चुकांची यादी होती. तो ग्रीक भाषेतला नवा करार होता, आणि तळाशी कुठल्या जुन्या हस्तलिखितात कोणता शब्द वेगळा आहे, कुठली ओळ नाही, कुठली जास्त आहे, त्याची नोंद होती. हे त्यांना नगरच्या एका निवृत्त पाळकांनी सांगितलं. मग बाई दर शनिवारी एसटीनं त्यांच्याकडे जाऊन ग्रीक शिकल्या. सात वर्षं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. पाळक म्हातारे, ऐकायला कमी यायचं, त्यामुळे बाई ग्रीक क्रियापदं ओरडून म्हणायच्या. शेजारच्यांनी एकदा दार वाजवून विचारलं म्हणे, भांडण आहे का?

आम्हाला थर्टी आणि फोर्टीच्या मधल्या वेळात हे सगळं ऐकायला मिळायचं. मी जातीनं मराठ्याची, देव्हाऱ्यातल्या देवांपलीकडे मला काही माहीत नव्हतं. पण नकलकाराच्या खोडी मात्र मला आजही पाठ आहेत, कारण त्या आमच्याच खोडी होत्या. बाई म्हणायच्या, "नक्कल करणारा आळशी असला तर गाळतो, आणि भाविक असला तर भर घालतो. आळशी परवडला. त्याची चूक सापडते तरी." आणखी एक म्हणायच्या, "हात नेहमी गोड करतो गं. कडू कोणी करत नाही. दोन प्रतींत दोन वाक्यं असतील, एक गुळगुळीत आणि एक खडबडीत, तर खडबडीतच जुनं समजावं."

हे वेड त्या चर्चमध्येही घेऊन जायच्या. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी राज्य, पराक्रम आणि गौरव यांची जी ओळ म्हणतात, ती जुन्यात जुन्या प्रतींत नाही, हे कळल्यापासून बाई त्या ओळीला गप्प राहायला लागल्या. सगळी मंडळी म्हणतेय आणि बाई ओठ मिटून उभ्या. मग 'आमेन' मात्र सगळ्यांच्या वरताण. शेवटी चर्चच्या पाळकांनी बाजूला घेऊन विचारलं, "बाई, शेवटी दम लागतो का? डॉक्टरांना दाखवा."

"दम नाही हो, पाळकसाहेब. तेवढं नंतर घातलंय."

पुढच्या रविवारी बाकावरची सगळी तरुण मुलं त्या ओळीला गप्प. त्याच्या पुढच्या रविवारी अर्धं चर्च. म्हातारी माणसं गोंधळून इकडे तिकडे बघायला लागली. तेव्हा बाईंनीच माघार घेतली आणि पुन्हा खणखणीत म्हणायला लागल्या. मी विचारलं, असं कसं? तर म्हणाल्या, "अगं, नंतर घातली म्हणून काय झालं? घालणाऱ्याचा कान काय चांगला होता!"

त्या मंडळीत शलमोनराव भोसले नावाचे गृहस्थ होते. साखर कारखान्यात काट्यावर नोकरी केलेली. उसाची गाडी आली की वजन करायचं, त्यात किलोचा फरक चालायचा नाही. निवृत्त झाल्यावर ते चर्चच्या पंच कमिटीचे अध्यक्ष झाले. उंच, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हसणं हे आपल्या खात्याचं काम नाही असा चेहरा. त्यांचं आणि बाईंचं कधी पटलं नाही. शास्त्रात लिहिलंय म्हणजे लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. बाई विचारायच्या, "कुणी लिहिलंय, ते तरी बघाल?"

एकदा सोनईकडच्या एका वस्तीवर तीन दिवसांच्या सभा होत्या. कोल्हारची मंडळी टेम्पोनं गेली. बाईंनी मलाही नेलं, कारण त्यांना गाण्यांचे कागद टाइप करून वाटायचे होते आणि जोडीला कुणीतरी हवं होतं. मांडव उसाच्या फडाला लागूनच घातलेला. बाहेरून आलेला एक उपदेशक होता, आवाज असा की लाउडस्पीकर नुसता शोभेला. त्याने मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट घेतला. विश्वास ठेवणारे साप हातांनी उचलतील, विषारी काही प्याले तरी त्यांना बाधणार नाही, असं जिथे लिहिलंय तो भाग. तो विचारत होता, "आहे का इतका विश्वास? आहे का इथे एक तरी माणूस?"

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूला सतरंज्यांच्या ढिगातून घोणस निघाली.

बायका किंचाळत उठल्या, खुर्च्या पडल्या. घोणस बिचारी ढिगाशीच वेटोळं करून कुकरसारखी फुसफुसायला लागली. उपदेशकही दोन पावलं मागे सरला, पण मग त्याला वाटलं असावं की हे आपल्याच भाषणातून आलंय. "ही परीक्षा आहे!" तो ओरडला. आणि पुरुषांच्या बाजूनं शलमोनराव उठले.

त्यांनी शांतपणे शर्टाच्या बाह्या दुमडल्या. नीट, दोन्ही सारख्या. आणि चालायला लागले. चेहऱ्यावर भीती नव्हती. उसाच्या गाडीचं वजन करायला निघावं तसे निघाले होते. कुणी त्यांना अडवेना. सगळ्यांना एकदम असं वाटलं की अडवणं म्हणजे अविश्वास. ते सापापासून चार पावलांवर आले, वाकले, हात पुढे केला.

"शलमोनराव, थांबा!" बाई खुर्चीवर चढल्या होत्या. "ते वाक्य कंसात आहे!"

शलमोनराव वाकलेलेच थांबले. "काय?"

"मार्क सोळा! नऊपासून पुढची बाराच्या बारा वाक्यं कंसात आहेत! जुन्या प्रतींत नाहीत! मार्क आठव्या वाक्यालाच संपतो! हात मागे घ्या!"

"बाई, विश्वास ठेवा," उपदेशक म्हणाला.

"ठेवते ना. पण साप मार्कनं लिहिला नाही हो, मागून कुणीतरी सोडलाय!"

शलमोनराव वाकलेल्या अवस्थेत विचार करत होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साप समोर फुसफुसतोय आणि हा माणूस मनातल्या मनात पान उलटतोय, खरंच तिथे कंस आहे का ते आठवतोय. तोवर मांडवामागून शेताचा मालक गोणपाट आणि लांब काठी घेऊन पळत आला. त्याने शलमोनरावांना कोपरानं बाजूला सारलं.

"आवं सायेब, सरका! घोनस हाय ती. तिला काय कंस वाचता येतोय व्हय!"

घोणस गोणपाटात गेली, लांब ओढ्याकडे सोडली गेली. आणि मग जे हसू सुटलं! आधी बाई खुर्चीवर उभ्या उभ्या हसायला लागल्या, मग मांडव, शेवटी तो उपदेशकही घाम पुसत हसला. शलमोनराव एकटेच हसले नाहीत. त्यांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि टेम्पोत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवरच त्यांना नाव पडलं, कंसमामा. ते नाव गावात असं पसरलं की दूधवाल्याच्या वहीतही तेच होतं. शलमोनराव बाईंशी बोलायचे थांबले. चर्चमध्ये बाई डाव्या दारानं आल्या तर ते उजव्या दारानं बाहेर. बाईंना त्याचं वाईट वाटायचं. "जीव वाचवला, पण माणसाचं हसं केलं," म्हणायच्या. आणि म्हणता म्हणताच त्यांना ते वाकलेले शलमोनराव आठवायचे, आणि पदर तोंडावर.

मी थर्टी झाले, फोर्टी झाले, आणि मग बाईंनी मला तिथेच शिकवायला ठेवून घेतलं. काही वर्षांनी मशिनं गेली, कॉम्प्युटर आले. बाई आधी रुसल्या. खोडरबर नाही, म्हणजे चूक उरतच नाही, मग चुकलो हे कळणार कसं, हा त्यांचा मुद्दा. पण एका दुपारी मी नेटवर शोधत असताना ती जुनी हस्तलिखितं सापडली. पानन्‌पान फोटो काढून ठेवलेलं. मी बाईंना हाक मारली.

रोमच्या ग्रंथालयातली ती प्रत, तिच्याबद्दल त्या वीसेक वर्षं तळटीपांत वाचत होत्या. पडद्यावर पान आलं. पिवळट चामडं, तीन उभे रकाने, मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. बाई खुर्ची ओढून बसल्या, बोट पडद्यापासून केसभर दूर धरून वाचत गेल्या. मार्कचा शेवट. बायका थडग्याकडे येतात, रिकामं बघतात, पळत सुटतात, भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. बाईंचं बोट थांबलं.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही. संपलं." आणि मग त्या एकदम उठल्याच. "अगं! अगं, हे बघ! याच्यापुढचा आख्खा रकाना कोरा सोडलाय!"

मला त्यात काय विशेष ते कळेना.

"वेडे, चामडं महाग. हा माणूस कुठेच जागा वाया घालवत नाही. एक पुस्तक संपलं की पुढच्याच रकान्यात दुसरं सुरू करतो. इथेच का सोडला? कारण त्याला माहीत होतं, पुढचं काहीतरी कुठेतरी आहे. पण त्याच्या समोरच्या प्रतीत नव्हतं. म्हणून लिहिलं नाही. आणि नाहीच असंही म्हणाला नाही. जागा सोडली!" बाई माझे खांदे धरून हलवायला लागल्या. "काय गुणी टायपिस्ट असेल गं तो!"

त्या दिवशी वर्गाला सुट्टी आणि सगळ्यांना पेढे. परीक्षा तोंडावर होती. खालच्या खतवाल्यानं विचारलं, मुलीकडे बाळ झालं का?

त्यानंतर सुहासिनीचं प्रकरण झालं.

सुहासिनी चर्चच्या गायनमंडळात होती. असा आवाज की ती गात असताना रस्त्यावरचे फळवाले ओरडायचे थांबायचे. विसाव्या वर्षी ती एका लग्न झालेल्या माणसाबरोबर निघून गेली, वर्षानं एकटी परत आली. कमिटीनं तिचं नाव गायनमंडळातून काढलं. ती दर रविवारी यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि गायची नाही. अशी सहा-सात वर्षं गेली. मग सोनईच्या एका इलेक्ट्रिशियननं, विजयनं, तिला मागणी घातली. त्याला सगळं माहीत होतं. त्याची एकच अट होती, लग्न चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. अर्ज कमिटीपुढे आला.

कमिटीचं इतिवृत्त टाइप करायला मला बोलवायचे, म्हणून मी तिथे होते. कोपऱ्यात, लॅपटॉप मांडीवर. बाईही कमिटीवर होत्या. पाळक नवे, तरुण, जरा घाबरट. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला लोक येतात, आणि येशू म्हणतो, ज्याच्या हातून पाप झालं नाही त्याने पहिला दगड मारावा, आणि एकेक जण निघून जातो. पाळक म्हणाले, "आपल्याला यापेक्षा वेगळं काय ठरवायचंय?"

शलमोनराव उठले. खिशातून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. पिवळा पडलेला, टाइप केलेला. मी लांबूनच ओळखला. बाईंनी कधीकाळी बायबलच्या वर्गात वाटलेला, वादग्रस्त उताऱ्यांच्या यादीचा कागद.

"योहान सात त्रेपन्न ते आठ अकरा," त्यांनी वाचलं. "सर्वांत जुन्या प्रतींत हा मजकूर नाही. बायबलमध्येही कंसात आहे. साळवे बाई, खाली सही कुणाची?"

इतक्या वर्षांत ते बाईंशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाई म्हणाल्या, "माझीच."

"कंसातल्या वाक्यावर विसंबून हात पुढे करायचा नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. चारशे माणसांसमोर शिकवलंत. मग आज काय?"

बाईंचा हात अंबाड्यातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तसाच खाली आला. पाळकांनी बैठक पुढच्या रविवारवर ढकलली.

तो आठवडा वाईट गेला. बाई इन्स्टिट्यूटमध्ये यायच्या, ते जाड पुस्तक उघडून बसायच्या, मिटायच्या. गुरुवारी दुपारी सुहासिनी जिना चढून आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"बाई, तुम्ही एकदा म्हणा ना, ती गोष्ट खरी आहे म्हणून. जुन्या प्रतीत सापडली म्हणा. ग्रीक कुणाला येतंय इथे?"

खरंच होतं. बाईंनी काहीही सांगितलं असतं तरी कोल्हारात तपासणारं कुणी नव्हतं.

बाईंनी तिला आत ओढून खुर्चीवर बसवलं. "आलं असतं गं म्हणता," त्या म्हणाल्या. "पण मग मी त्या टोळीतली झाले ना. देवाच्या पुस्तकात आपल्या सोयीचं घालणाऱ्यांच्या. आणि तुझं लग्न एका खोट्या ओळीवर उभं राहील. ते शलमोनराव आज ना उद्या उपटून काढतील."

"मग माझं काय?"

"मला रविवारपर्यंत वेळ दे."

"आणि रविवारी?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. सुहासिनी गेल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माहीत नाही म्हणायला इतका त्रास मला कधी झाला नव्हता."

रविवारी बाई बैठकीला आल्या त्या पुस्तक न घेता. सगळे बसले होते. सुहासिनी आणि विजय बाहेर पायऱ्यांवर. बाई उभ्या राहिल्या.

"शलमोनराव बरोबर बोलले. ती गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींत नाही. योहानानं लिहिली असं मला वाटत नाही. काही प्रतींत ती इथे आहे, काहींत पुस्तकाच्या शेवटी, काहींत तर लूकच्या शुभवर्तमानात. बिनघराची गोष्ट आहे. या दारी जाते, त्या दारी जाते, कुणीतरी आत घेतं. एक जुना धर्मगुरू म्हणायचा, बायका मोकळ्या सुटतील या भीतीनं नवऱ्यांनीच ती काढून टाकली. मला ते पटत नाही. पण ऐकायला मजा येते."

एक-दोघं हसली. शलमोनराव नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे खोटी."

"खोटी असती तर फुली मारली असती. चाळीस वर्षं कागद तपासतेय मी. खोट्याला फुली मारतात. कंस म्हणजे, खात्री नाही, पण टाकवत नाही."

"आणि साप?" शलमोनरावांचा आवाज चढला. "तोही कंसातच होता. तेव्हा थांबा म्हणालात. आता पुढे व्हा म्हणता. कंस एकच आणि न्याय दोन?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"तेव्हाही मला खात्री नव्हती, शलमोनराव. समजा ते वाक्य खरंच मार्कचं असतं. पण माझी चूक झाली असती तर काय झालं असतं? तुमचा एक साप उचलायचा राहिला असता. आणि तुमची चूक झाली असती तर तुम्ही आज इथे नसतात. आता या गोष्टीत चूक झाली तर काय होईल? एका पोरीला जरा जास्त माया मिळेल." त्या थांबल्या. "खात्री नसली ना, की माणूस वाचेल असं वाचायचं. मला एवढंच कळतं. त्या दिवशी मी तुम्हाला वाचवायलाच ओरडले होते हो. हसले, ते चुकले. पण ओरडले ते बरोबर होतं."

शलमोनरावांनी तो पिवळा कागद पुन्हा खिशातून काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी तो होता त्याच घडीवर घडी घालून खिशात ठेवला.

"ठराव लिहा," ते मला म्हणाले. तोंड खिडकीकडे. "सुहासिनी आणि विजय यांचा विवाह मंडळीसमोर लावण्यास कमिटीची मान्यता आहे. सुहासिनी हिचं नाव गायनमंडळाच्या यादीत पुन्हा घ्यावं."

मी टाइप करत होते. ते मागे येऊन उभे राहिले, पडद्यावर वाकले.

"आणि नावाला कंस घालू नका," ते म्हणाले.

बाई त्या क्षणी अशा फुटल्या हसून की खुर्चीसकट मागे जात होत्या. पाळकांनी धरलं. पायऱ्यांवर बसलेल्या दोघांना आतला निकाल त्या हसण्यावरूनच कळला.

लग्न मार्चमध्ये झालं. सुहासिनी स्वतःच्याच लग्नात गायली, नवरीला असं करता येत नाही म्हणून दोन म्हाताऱ्या कुरकुरल्या, आणि मग रडल्या. संध्याकाळी चर्चपासून स्टँडपर्यंत वरात निघाली. सोनईचा बँड. मनमाड रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर अडकून पडलेले, ड्रायव्हर खाली उतरून बघत होते.

मी बाईंना शेवटचं बघितलं ते तेव्हा. दुसऱ्याच दिवशी त्या पुण्याला मुलीकडे गेल्या, आणि जूनमध्ये तिथेच, दुपारच्या झोपेतून उठल्या नाहीत. मला दोन दिवसांनी कळलं. त्यामुळे माझ्यापुरत्या त्या अजून त्या वरातीतच आहेत.

बँडनं चाल बदलली तशा बाईंनी इकडे तिकडे बघितलं. शेजारी शलमोनराव चालत होते, इस्त्रीचा शर्ट, हात मागे. बाईंनी खांद्याची पर्स काढली आणि त्यांच्या हातात दिली, "धरा जरा, आलेच." आणि बहात्तर वर्षांच्या त्या बाई बँडच्या पुढे जाऊन नाचायला लागल्या. नाचता येत नव्हतं मुळीच. हात एका तालावर, पाय दुसऱ्याच. पोरीबाळींनी त्यांच्याभोवती रिंगण केलं, आणि ते रिंगण नाचत नाचत पुढे सरकत गेलं, बँड त्याच्यामागे, गर्दी बँडच्या मागे.

शलमोनराव रस्त्याच्या मधोमध उभे होते, हातात बायकांची पर्स. तिचं काय करावं हे त्यांना कळेना. त्यांनी ती खाली धरून बघितली, काखेत धरून बघितली. मग कुणी पाहत नाही असं बघून खांद्याला अडकवली आणि वरातीच्या मागे चालायला लागले.